स्टोव्हमागची भिंत

नाजिमा ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. दिवसभर विम्याची कामं उरकते आणि संध्याकाळी विश्रांतवाडीच्या घरी जाऊन चित्रं काढते. त्यांत झाड नाही, माणूस नाही. नुसते रंगांचे पट्टे आणि ओरखडे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही आणि मी ते तिला तोंडावर सांगते. ती हसते. पुण्यात वाढून इतकं कमी मनाला लावून घेणारी बाई दुर्मीळच.

एका माणसाचं मात्र ती फार लावून घ्यायची. अख्तरबानूंचं, म्हणजे तिच्या अम्मीचं. नवं चित्र दाखवलं की अम्मी म्हणायच्या, "छान आहे. वाळलं का?" बस्स. सगळी चित्रं बिबवेवाडीतल्या त्यांच्या जुन्या खोलीच्या आठवणींची, आणि ज्यांनी तिला त्या खोलीत वाढवलं त्यांनाच ती खोली दिसत नव्हती. "सांगून टाक ना एकदा," मी म्हणायचे.

"सांगितल्यावर दिसलं तर काय उपयोग?"

परवा तिचं पहिलं प्रदर्शन भरलं. अम्मी ठेवणीतली साडी नेसून आल्या, एकेका चित्रापुढे मान डोलावत सरकल्या आणि एका मोठ्या चित्रापाशी थबकल्या. फिकट हिरवा रंग आणि त्यावर खालून वर पसरत गेलेलं काळं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पर्समधून रुमाल काढून त्या थेट चित्राकडे निघाल्या. मी हात धरला म्हणून बरं.

"नाजिमा, ही आपली स्टोव्हमागची भिंत," त्या म्हणाल्या. "दर ईदेच्या आधी घासून घासून माझे हात भरून यायचे. पाहुणे आले की मी तिथे पडदा ओढायचे. आणि तू ती चारचौघांत मांडलीस?"

नाजिमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बोलणी खाऊन एवढं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

"काढून ठेवू का, अम्मी?"

"आता राहू दे. लोकांनी बघितलंच आहे."

मग त्यांनी खुर्ची मागवली आणि चित्राशेजारी ठाण मांडलं. जो थांबेल त्याला सांगत होत्या, "आमची भिंत आहे. तेव्हा स्टोव्ह भडकायचा. आता गॅस आहे हो आमच्याकडे."

एका जाणकार गृहस्थांनी नाजिमाला चित्राचा अर्थ विचारला. तिने खुर्चीकडे बोट दाखवलं.

"अम्मीला विचारा. तिला दिसलंय."