टेबलाचा आखूड पाय

भाऊ गेल्याला महिना झाला, तेव्हा मी आमचं रिमोटवर उडणारं छोटं जेट बाहेर काढलं. त्यात जायरो बसवायचा राहिला होता. विमान कललं की हे चिमुकलं यंत्र त्याला आपोआप सरळ करतं. पण सरळ म्हणजे काय, ते आधी त्याला दाखवावं लागतं. विमान सपाट ठेवायचं आणि बटण दाबायचं.

आमच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. भाऊ त्यावर काही कामाला बसला की दर वेळी त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारायचा. मी सारली नाही. जायरो बसवून जेट टेबलावर ठेवलं, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला.

मौद्याच्या वाटेवरच्या मैदानात मी रिमोटची दांडी सोडली की जेट डावीकडे कलायचं आणि तसंच गोल फिरत राहायचं. त्याच्या लेखी ते सरळच होतं.

सोबत आलेल्या भावाच्या मित्राला नको तिथे प्रश्न पडतात. तो म्हणाला, "काहून झुकून राहिलं गा?"

"वारा असन," मी म्हटलं. गवताचं पातंही हलत नव्हतं.

घरी बायकोनं विचारलं, "बरं वाटून राहिलं का तुम्हाले?"

"हो," मी म्हटलं. मला ते खरंच वाटलं.