रणपिसे मॅडम आणि माझा चुकलेला प्रश्न

प्रा. कुमुदिनी रणपिसे मॅडमची आणि माझी पहिली भेट नव्वदच्या दशकात, बारामतीला, त्यांच्या विभागात झाली. एम. फिल.साठी मार्गदर्शक हव्या होत्या म्हणून मी गेलो आणि ऐटीत म्हणालो, "मला स्थलांतराचा सिद्धांत मांडायचाय." मॅडमनी चहा मागवला आणि विचारलं, "सिद्धांत कशाकशाचा बनतो?" मी तीन जाड पुस्तकांची नावं सांगितली.

"ती झाली पुस्तकं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आधी संकल्पना. मग ती मोजायची कशी ते. मग दोन गोष्टींचा संबंध सांगणारं गृहीतकृत्य. ते टिकलं, तरच सिद्धांताची भाषा." मी मान डोलावली. कळलं काही नव्हतं, हे त्यांच्या अमृतमहोत्सवात कबूल करायला हरकत नाही.

माझं गृहीतकृत्य असं होतं, की कालव्याचं पाणी आलं की मेंढपाळ कुटुंबांचं स्थलांतर थांबतं. इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्णे गावात घरोघर हिंडलो. "गाव सोडून जाता का?" या प्रश्नाला एकाही घराने होकार दिला नाही. मी हवेतच! इंदापूरला तहसील कचेरीसमोरच्या टायपिस्टकडे प्रबंधाची प्रकरणंही देऊन टाकली. घाई होती. मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि त्या वर्षी एम. फिल. झालं नाही तर नोकरी जाणार होती.

मॅडमनी तक्ता पाहिला. "एकही घर नाही? उद्या सकाळच्या एसटीने आपण दोघं जाऊ." प्रबंध द्यायला जेमतेम आठवडा उरला होता. मी मनातून चरफडलो, पण गेलो.

पहिल्याच घरी ओट्यावर एक आबा बसले होते. मॅडम त्यांच्याशेजारी टेकल्या. पाण्याच्या, पिकाच्या गप्पा झाल्यावर त्यांनी विचारलं, "आबा, दिवाळीनंतर या घरात जेवायला किती माणसं असतात?"

"आमी दोगं म्हातारी अन् शाळंतली नातवंडं."

"आणि बाकीचे?"

"ल्योक-सुना मेंढरांमागं खाली कोकणात. मिरगाला माघारी येत्यात."

मला राहवेना. "आबा, मी विचारलं तेव्हा तर नाही म्हणालात!"

"तुमी इचारलं, गाव सोडता का. गाव सोडायला आमी काय कुणाचं वाकडं केलंय व्हय?"

गाव सोडणं म्हणजे तोंड लपवून कायमचं निघून जाणं, हे इंदापूर तालुक्यातच वाढलेल्या मला ठाऊक असायला हवं होतं. परतीच्या एसटीत मी म्हणालो, "संपलं सगळं." मॅडम म्हणाल्या, "काय संपलं? आत्ता कुठे संकल्पना हाती लागलीय."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुदतवाढीसाठी विद्यापीठाला पत्र लिहिलं: 'प्रश्नावली मीच मंजूर केली होती, चूक माझी आहे.' मुदत मिळाली. त्यांचा प्रश्न घेऊन मी पुन्हा घरोघर गेलो. पाणी आलं होतं, पण बरीचशी मेंढरं अजून कोकणात जातच होती. माझं गृहीतकृत्य कोसळलं आणि प्रबंध उभा राहिला. नोकरीही टिकली. निकाल लागला त्या संध्याकाळी मी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवलो.

एक गोष्ट मात्र आजवर कुणाला सांगितली नाही. पहिल्या कच्च्या प्रश्नावलीवर, नेमक्या त्याच प्रश्नाशेजारी, मॅडमनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हा शब्द लोक कोणत्या अर्थाने वापरतात?' तेवढ्यासाठी पुन्हा गावात जायचा मला कंटाळा आला. मी ती ओळ खोडरबराने पुसली, प्रश्न तसाच ठेवला आणि पक्क्या प्रतीवर त्यांची सही घेतली. चूक त्यांची कधीच नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली आणि मी घेऊ दिली. इतक्या वर्षांनी हे लिहून टाकलं आणि मन हलकं झालं.

मॅडम, आता तुम्ही रागवणार, आणि तो तुमचा हक्कच आहे. पण एकदम रागवू नका. तब्येतीला जपा, ठणठणीत राहा, शंभरी गाठा आणि दरवर्षी थोडं थोडं रागवा.