बांधाकडची पात

लग्न होऊन लोणीत आले तेव्हा आमचा कांदा एवढासाच असायचा, विहिरीला पाणी असेल तेवढा. लागण सावडीवर चालायची. आज सगळ्या बायका माझ्या रानात, उद्या मी त्यांच्या. पैसा हातात यायचा नाही आणि जायचाही नाही, गप्पा मात्र पोटभर व्हायच्या. या घोळक्यात रोजावर असायची ती फक्त मावशी. गावालगतच्या वाडीतल्या सगळ्यांचीच मावशी. तिला जमीन नव्हती, मग आम्ही तिची सावड फेडणार कुठे? नवरा लवकर गेलेला, पदरात एक मुलगी. पण बांधाकडची पात कायम तिची. वाफ्यात बायका ओळीने बसतात, प्रत्येकीच्या वाट्याचा पट्टा ती तिची पात. बांधाकडची जशी सरकेल तशा बाकीच्यांनी सरकायचं. मावशी अशी काही सरकायची की आम्हा जमीनवाल्या बायकांची कंबर धरायची.

पुढे कालव्याला पाणी आलं आणि गावातल्या पुरुषांना कांद्याचं वेड लागलं. आमचे हे त्यात सगळ्यांत पुढे. जिथे बाजरीसुद्धा रडतखडत यायची तिथेही यांनी वाफे पाडले. सगळ्यांची रोपं एकदमच लागणीला आली, आता कुणी कुणाच्या सावडीला जायचं? मग यांनी मला न विचारता अकोले तालुक्याच्या डोंगरातून एक टोळी आणली. सगळ्या नवराबायकोच्या जोड्या, काम उक्त्यावर. एकराचा भाव ठरला की मालकाने मध्ये बोलायचं नाही. टेम्पोतून भांडी उतरली, गोधड्या उतरल्या आणि एक कोंबडाही उतरला.

बातमी वाडीत पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशी दारात. लागण बाहेरच्यांनी करायची असेल तर खुरपणीला आमच्यातली एकही बाई तुमच्या रानात येणार नाही, असं वाडीतल्या रोजावर जाणाऱ्या सगळ्या बायकांनी ठरवलं होतं. माझं मन तिच्याच बाजूने होतं आणि मी ते यांना तोंडावर सांगितलं. हे म्हणाले, रोप थांबत नाही. बोलत बोलत, म्हणजे खरं तर भांडत भांडत, आम्ही तिघं रानात पोचलो.

टोळीने उजाडल्यापासून बरेच वाफे लावून टाकले होते. मावशी भांडण अर्धवट सोडून वाफ्याकडे वळली. ती माणसं बसलेली नव्हती, कमरेत वाकून उलटी चालत लावत होती. आणि एकेका ठिकाणी तीन-तीन, चार-चार रोपं एकत्र खोचलेली. जन्मभर भात लावलेले हात ते. भाताची रोपं तशीच लावतात, कांदा मात्र अशाने पोसत नाही. कांद्यात ती त्यांची पहिलीच खेप होती आणि यांनी भावाशिवाय काही विचारलंच नव्हतं.

यांचा पारा चढला. आत्ताच्या आत्ता टेम्पो बोलावतो म्हणाले. टोळी चिखलाने भरलेले हात तसेच धरून उभी राहिली. आता मावशीने नुसतं गप्प राहायचं होतं. दुपारपर्यंत ती माणसं गेली असती आणि लागण पुन्हा तिच्या हातात आली असती. तिने पदर खोचला.

"भाऊ, ही मान्सं माघारी गेली तर रोप जून व्हईल. मग खुरपायला आमाला काय ठिवताय, ढेकळं? ऱ्हाऊ द्या त्यांना. पन बांधाकडची पात माझी. माझ्या मागं या म्हनावं."

ती बसली. एकेक रोप सुटं करून, चार-चार बोटांवर लावून दाखवलं. टोळीतली एक तरणी बाई हसायला लागली, एका जागी एकच, एवढं विरळ लावलं तर पीक येणार कधी, म्हणाली. मावशीही हसली. संध्याकाळपर्यंत ते हात असे काही चालायला लागले की बांधाकडची पात पहिल्यांदाच मागे पडते की काय, असं मला वाटलं. पडली नाही.

त्यानंतर टोळी दर वर्षी आली आणि गावाचा कांदा वाढतच गेला. लागण त्यांच्याकडे गेली, पण खुरपणी, काढणी, पाती कापणं हे सगळं ती माणसं गेल्यावरच यायचं. तेव्हा बायकांसाठी शेतकऱ्यांची ओढाताण. ज्यांना आधी नुसता निरोप धाडला की भागायचं त्यांच्या दारात आता यांच्यासारखे मालक स्वतः उभे राहायला लागले आणि मावशी त्यांना उभंच ठेवायची. मला ते बघून फार बरं वाटायचं. बाजारातला मारवाडी दुकानदार टोळीसाठी नाचणी ठेवायला लागला, म्हणायचा, "लई खप हाय, वहिनी." सगळ्यांचंच भलं झालं असं नाही. लागणीशिवाय दुसरं काही न झेपणाऱ्या दोघीतिघी म्हाताऱ्या घरी बसल्या. सावडही मोडली. तिची मला आजही आठवण येते, त्या गप्पा विकत मिळत नाहीत.

बऱ्याच वर्षांनी मावशीचे गुडघे गेले. तिला खाली बसवेना. त्या साली टोळी उतरली आणि नेहमीसारखी आधी मावशीच्या घराकडे जाऊन आली. दुसऱ्या दिवशी आम्ही रानात गेलो तर लागण जोरात चालली होती, पण प्रत्येक वाफ्यात बांधालगतचा हातभर पट्टा कोराच सोडलेला. पैसे पुऱ्या एकराचे आणि पट्टा कोरा, त्यात यांचं रान मोजून घेण्याचं वेड. हे ओरडणार तेवढ्यात मी यांचा हात धरला.

पलीकडे मावशी बांधावर पाय खाली सोडून बसली होती. शेजारी रोपांची जुडी. हात पोचेल तेवढं लावायची, बुडाखालचं पोतं पुढे ओढायची, पुन्हा लावायची. फार हळू. तीच तरणी बाई, आता तिचेही केस पिकायला लागलेले, तिच्या लगतच्या पातीत होती.

"लई मागं पडले गं," मावशी म्हणाली.

"न्हाई, मावशे. आमीच पुढं आलो," ती म्हणाली, आणि मागे वळून सगळ्यांना थांबायला सांगितलं.