बाबलचं लिव्हर

तोंडवलीच्या बाबलने उभ्या जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. बाप दारूने गेला, त्या दिवशीच त्याने शपथ घेतली होती. म्हणून होडीवाल्यांच्या जेवणात त्याच्यापुढे मानाने कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या आणि गुळात घोळलेलं खाजं यायचं. गुडघे गेले तसं जाळं ओढणं सुटलं आणि किनाऱ्यावर तराजूपाशी बसणं आलं. पोट सुटत गेलं, बाटल्या चालूच राहिल्या.

२००६ साली मालवणात सोनोग्राफी केली, तर लिव्हरवर चरबी निघाली. "दारू न पिताही होतं हे. साखर, बैठं काम आणि हे पोट," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण वाडीचं ज्ञान पक्कं होतं, लिव्हर बिघडतं ते दारूनेच. बायको विमलासुद्धा रोज संध्याकाळी त्याचं तोंड हुंगू लागली.

"अगो, माका तिचो वासय सोसणा नाय," तो सांगून थकला.

शेवटी तिने देवळात नारळ ठेवला. गुरवाने सगळ्यांदेखत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या बाबलाची दारू सोडव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

गाऱ्हाण्याला गप्प राहणं म्हणजे देवाचा अपमान. सगळे बघत होते. बाबलने हात जोडले आणि तोही म्हणाला, "व्हय म्हाराजा."