खडूचा गोल

उस्मानपुऱ्यातला तो मिस्त्री आमच्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरला, म्हणजे पुढच्या माती उचलायच्या लोखंडी हातांना, चीर सापडली की तिच्याभोवती खडूनं गोल काढायचा. "सांधून होईस्तोवर पुसू नका, मालक. याच्याखाली माणूस उभा राहतो," म्हणायचा.

नवा ट्रॅक्टर आला तसा मी शेवटचा गोल पुसला आणि चिरेवर रंग मारला.

जुना बघायला सिल्लोडहून गिऱ्हाईक आलं, तेव्हा मिस्त्री नव्याला नवा लोडर जोडत होता. तो उठला. जुन्या लोडरवरून त्यानं सावकाश बोट फिरवलं आणि नेमक्या जागी पुन्हा गोल काढला.

"इथं चीर हाय," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "मालक सांगायचं इसरले असतील."

त्यानं मला खोटा म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"व्हय, इसरलो," मी म्हणालो. माझ्या नखांत रंग तसाच होता.