जात्यावर झाकायचं दुपटं

माझं माहेर जुन्या जालन्यात, वडिलांचं कापडाचं दुकान. त्यामुळं लग्न ठरताना सासरच्यांची अशी समजूत झाली, की या पोरीच्या हातात सुई-दोरा जन्मापासूनच असणार. आता दुकानात कापड फाडतात, शिवत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि आम्हीही आणून दिलं नाही. मला कापड फाडता यायचं. टर्रकन, एका दमात, सरळ रेषेत. पुढचं सगळं देवावर.

सासर तीर्थपुरीच्या बाजूचं खेडं. निजामाचं राज्य होतं, पण आमच्या ओसरीपर्यंत ते फारसं यायचं नाही. आलंच तर घोड्यावरून यायचं आणि पाणी पिऊन पुढं जायचं. लग्नानंतरचा माझा तो पहिला उन्हाळा, आणि त्याच उन्हाळ्यात थोरली नणंद बाळंतपणाला आली.

आक्का म्हणजे सगळ्या पंचक्रोशीत शिवणकामाला एक नंबर. तिनं काढलेल्या कशिद्याची चोळी घालून बायका लग्नात मुद्दाम पाठ करून बसायच्या. पहिल्या खेपेला तिनं मोठ्या हौसेनं सगळं आधीच शिवून ठेवलं होतं. कुंची, टोपडी, दुपटी, सगळ्याला वेलबुट्टी. मूल झालं, आणि तापात राहिलं नाही. आमच्याकडं रीत अशी, की मूल हाती येईस्तोवर त्याच्यासाठी नवं काही करायचं नाही. झाल्यावर आजोबाच्या जुन्या धोतरात गुंडाळायचं, आणि पाचवी पुजल्यावर मग काय शिवायचं ते शिवा. ती रीत मोडली म्हणून लेकरू गेलं, असं तिच्या सासरच्या बायकांनी तिला तोंडावर सांगितलं. सांगणाऱ्या सांगून गेल्या. आक्कानं ते खरं मानलं, हे वाईट झालं.

दमणीतून उतरली, पायावर पाणी घ्यायच्या आधी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना म्हणाली,

"माय, या खेपेला माझ्यापायी घरात सुई उचलायची न्हाई. एक धागा न्हाई. ध्यानात ठेव."

"बरं बाई," आत्याबाई म्हणाल्या. इतक्या पटकन 'बरं' म्हणालेल्या मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

मग तो लांबलचक उन्हाळा सुरू झाला. शेतं नांगरून उघडी पडलेली, बैल सावलीला, माणसंही सावलीला. सकाळी आत्याबाई कणकेच्या बारीक दोऱ्या वळून तुरीच्या काड्यांना गुंडाळायच्या आणि ते सरगुंडे माळवदावर वाळत घालायच्या. दुपारी आमरसात ते उकडलेले सरगुंडे. गोदावरीच्या वाळूतल्या वाड्यांवरून कुणी टरबुजं आणली, की ती ओल्या पोत्याखाली रांजणाशेजारी ठेवायची आणि ऊन उतरेपर्यंत सगळ्यांनी येता-जाता टिचक्या मारून बघायची, जशी काही मारल्यानं गोड होणार होती. संध्याकाळी अंगणात सडा, मातीचा वास, आणि रात्री माळवदावर अंथरुणं. सून म्हणून मला इतकं निवांत बसायला मिळालं, ते आयुष्यात तेवढंच एकदा. मधली दुपार मात्र सरता सरत नव्हती. त्या दुपारीच घरात सगळ्यांचे हात चोरून चालू झाले.

पहिली सुरुवात मामंजींनी केली. सुनेशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून सासरे मला काय सांगायचं ते ओसरीच्या खांबाला सांगत. एक दिवस अंबाडीचा वाख घेऊन दोरी वळायला बसले आणि खांबाला म्हणाले, "डांगरं टांगायला शिंकं विणून राह्यलो. यंदा डांगरं लई येणार." डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल त्या साली आमच्या वाडीत लावलेलाच नव्हता. शिंकं वाढत गेलं, रुंद होत गेलं, त्याला बाजूनं उंच काठ आले. असल्या शिंक्यात डांगर काय, डांगराचं अख्खं बारसं झालं असतं. आक्का समोर बसून बघत होती.

मग आत्याबाईंनी खणाचा तुकडा काढला. "देवघरातल्या बाळकृष्णाला टोपडं करते," म्हणाल्या. आमचा बाळकृष्ण अंगठ्याएवढा, आणि टोपडं वाटीएवढं. ते त्याच्यावर घातलं असतं तर देव दिवाळीपर्यंत सापडला नसता.

राहिले मी. मला आत्याबाईंनी परसात बोलावून आपलं एक जुनं लुगडं दिलं. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. "चार पदरी कर अन् टाके घाल."

"आक्कांनी विचारलं तर?"

"जात्यावर झाकाया, म्हण."

"जात्यावर? एवढं मऊ?"

"मंग जात्याला काय जीव न्हाई?"

तर मी ओसरीत बसून जात्यासाठी दुपटं शिवू लागले. आक्का खांबाला टेकून बसलेली, हात मांडीत. ते हात मला अजून आठवतात. कामाची सवय असलेले हात रिकामे ठेवले की ते कसे चुळबुळ करतात, पदराची दशी ओढतात, पुन्हा मांडीत येऊन पडतात. दोनचार दिवस तिनं माझं शिवण सोसलं. मग एका दुपारी तिचा धीर सुटला.

"वैनी, हे टाके हाईत का बैल मुतत गेला?"

"सरळच घालून राह्यले की आक्का."

"सरळ? आण इकडं."

मला वाटलं, ही आता शिवणार. नाही. तिनं माझी अख्खी ओळ उसवली, दोरा हलक्या हातानं गुंडाळून ठेवला आणि दुपटं परत माझ्या अंगावर टाकलं. "उसवणं म्हंजे काही करणं न्हाई," ती म्हणाली. मला म्हणाली, का स्वतःला, कोण जाणे.

त्या दिवसापासून आमचा धंदा लागला. मी शिवायचे, ती उसवायची. मी म्हणायचे, "आक्का, हा तरी टाका बरा आहे," ती म्हणायची, "बरा हाय, पण एकटा पडला." उसवता उसवता ती कापडावरून हात फिरवायची, कुठं विरलंय ते चाचपायची, कडेला चुणी राहिली तर नखानं मोडायची. दुपटं तसूभर पुढं जाईना, पण दुपारी कधी सरल्या ते कळेनासं झालं. ती गोष्टी सांगायची, आमच्या यांची लहानपणची सोंगं सांगायची, मी हसत हसत आणखी वाकडे टाके घालायचे. पुढं घरात अशी आख्यायिका झाली, की नव्या सुनेनं मुद्दाम वाकडं शिवलं, नणंदेचं मन रमावं म्हणून. जावा-भावजयांत माझा त्यावर बराच मान वाढला. खरं सांगायचं तर मी जीव तोडून सरळ शिवत होते.

एवढं असूनही तिच्या तोंडून एकदासुद्धा 'बाळ' हा शब्द निघाला नव्हता. पोट इतकं पुढं आलेलं, नववा लागलेला, आणि सगळं घर जात्याबद्दल, देवाबद्दल आणि डांगरांबद्दल बोलत होतं.

अशातच आमच्या शेजारच्या गल्लीतली पिंजाऱ्याची खाला आली. कापूस पिंजायचं त्यांचं पिढीजात काम. आत्याबाईंनी तिला गुपचूप निरोप धाडला होता, मागच्या दारानं ये म्हणून. पण खाला भर दुपारी, पुढच्या दारानं, डोक्यावर गाठोडं घेऊन दत्त म्हणून उभी राहिली.

"लेव, रुई लायी. नन्हे के तकिए की. एकदम मलाई. एक सरकी निकली तो मेरा नाम बदलो."

मामंजींचा दोरी वळणारा हात थांबला.

"कोणाचा नन्हा?" आत्याबाई घाईघाईनं म्हणाल्या. "काही तरीच! रुई दिव्याच्या वातीला मांगितली म्या."

"इत्ती रुई की बत्तियां? बारा बरस दिवे लगाते क्या?"

खाला हसत हसत बसली, पाणी मागितलं, आणि मग तिचं लक्ष आक्काच्या तोंडाकडं गेलं. ते पांढरंफटक पडलं होतं.

"क्या हुआ गे बेटी? ऐसा क्यूं देखती?"

आक्का पदराची दशी ओढत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आधी करू न्हाई, खाला. लेकराला सोसत न्हाई. म्या मागल्या वक्ताला केल्तं."

मी खाली मान घालून कापड बघत बसले. आता काय होतं आणि काय नाही. आत्याबाई तर पितळी तांब्या उगाच पुसत होत्या.

खालानं पाणी पिऊन पेला पालथा ठेवला. "कौन बोला तेरेकू? इस गाँव में कौन नै ले गई पैले से? सब आते. चुप्पे से, पिछले दरवाजे से. एक बोलती, बिल्ली कू सोने कू होना. एक बोलती, बुड्ढे की कमर दुखती. पाटलीणबाई बोलीं, बंदूक पोंछने कू होना. मैं क्या अंधी है? बंदूक कू झालर का तकिया लगता?"

कुणाला तरी हसू फुटलं. बहुतेक मला.

"और तेरी माँ कू पूछ," खाला म्हणाली. "तू पेट में थी, तब मेरी सास के पास आयी थी ये. मैं नवी दुल्हन, मैंच अपने हात से रुई दी. बोली, हांडियों के मूं पे रखने कू होना."

सगळ्यांनी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी पदर तोंडात धरला होता.

"माय?" आक्का म्हणाली.

"तवा हांड्या लई होत्या घरात," आत्याबाई म्हणाल्या. आणि मग एकदम, "आगं, केल्तं म्या! चोरून चोरून समदं केल्तं. उशी, दुपटं, समदं. कोणती माय करत न्हाई? हातच राहत न्हाईत त्याला काय करावं?"

मामंजी खाकरले. दोरीवरून नजर न काढता, लेकीला सांगायचं तेही खांबालाच म्हणाले, "खांबा, तिला सांग, तवाचं शिंकंबी म्याच विणल्तं. तवाबी डांगरं नव्हती."

आक्का हसली. आल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसली, आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. खाला तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. "रो ले, रो ले. मगर एक बात सुन. तेरा जो गया वो बुखार से गया. कपड़ा क्या जाने, बेटी." आम्ही कुणी हे इतक्या सोप्या शब्दांत तिला सांगितलं नव्हतं. सांगायचं धाडस नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, आमचा स्वतःचाही पुरता भरवसा नव्हता.

डोळे पुसून तिनं माझ्याकडं हात केला. "वैनी, आण ते. अन् सुई दे."

मी दुपटं दिलं.

"कशाचं हाय हे?"

"जात्याचं," मी शहाण्यासारखं म्हणाले. सासूची आज्ञा, मोडायची कशी?

"जात्याचं न्हाई," आक्का म्हणाली. तिनं कापडावरून एकदा हात फिरवला. "माझ्या लेकराचं हाय."

आणि तिनं टाका घातला. इतका बारीक की माझे सगळे उन्हाळ्याचे टाके लाजून कापडातच लपले असते, शिल्लक असते तर.

त्यानंतर तिची भीती पळाली असं मी म्हणणार नाही. कधी कधी शिवता शिवता थांबायची, पोटावर हात ठेवून कान दिल्यासारखी बसायची, आत हालचाल लागली की पुन्हा सुई चालायची. मला दोरा ओवायचं काम लागलं. त्यात मात्र माझी चूक निघाली नाही. दुपट्याच्या कडेनं तिनं वेल काढला, खालाची रुई उशीत भरली, आणि मामंजींच्या शिंक्याला आता घरातलं प्रत्येक माणूस उघड उघड 'पाळणा' म्हणू लागलं. एकटे मामंजी शेवटपर्यंत 'डांगराचं' म्हणत राहिले. त्यांचा खांबाशी शब्द गेला होता.

ज्येष्ठात, ऐन दुपारी, तिला मुलगी झाली. सुईणीनं कान बधीर होतील असा पोरीचा टाहो आम्हाला दाराआडून ऐकवला. आत्याबाईंनी आधी मामंजींच्या जुन्या धोतरात गुंडाळली, रीत म्हणून, आणि लगेच वरून दुपटं घातलं, लेक म्हणून. दहा दिवस आम्ही सगळे श्वास रोखून होतो. अकराव्या दिवशी पोरीनं माझ्या नव्या लुगड्यावर जे केलं, ते बघून आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

पुढं निजामाचं राज्य गेलं, गडबडीचे दिवस आले, माणसं इकडची तिकडं झाली, आमच्याही घरावरून बरंच काही गेलं. तरी त्या उन्हाळ्याचं देणं माझ्याजवळ राहिलं. एका घरातली माणसं एकमेकांशी किती मायेनं खोटं बोलू शकतात, आणि एक शेजारीण पुढच्या दारानं येऊन ते किती हलक्या हातानं उसवू शकते, हे मी नव्या नवरीच्या वयात बघितलं. दुसऱ्या कुणाला ते शिकायला जन्म लागला असता.

त्या उन्हाळ्यानंतर दोन वर्षांनी मला दिवस राहिले. मी बाळंतपणाला जालन्याला माहेरी गेले. सहावाच लागला होता. आई भलती कर्मठ, सुईसुद्धा माझ्या नजरेआड ठेवायची. एक दिवस आक्काचे मालक दुकानापुढं उतरले. बाजाराचा दिवस, गल्ली गच्च भरलेली. त्यांच्या एका हातात कशिद्याचं दुपटं आणि दुसऱ्या हाताच्या मुठीवर लाल टोपडं घातलेलं. गाठोडं नाही, पिशवी नाही. आक्कानं बजावलं होतं म्हणे, झाकून न्याल तर घरात घेणार न्हाई. दुकानातल्या गिऱ्हाइकांसकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं, "हे बाळाचं हाय. आमच्या घरून आलं."

"अहो पावणं, हळू! हळू बोला!" आई आतून धावली आणि त्यांच्या मुठीवरचं टोपडं पदराखाली ओढू लागली. पाहुणे सोडायला तयार नाहीत, आई ओढायची थांबेना. मी आतल्या दाराशी बसून हे बघत होते, आणि मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की पोटातल्या बाळानं मला पहिल्यांदा लाथ मारली.