सालपटांचं पाणी

राधी म्हैस औशाच्या माणसाला विकली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी रेणापूर सोडलं. तो माणूस येताना स्वतःचं दावं घेऊन आला होता. जनावर विकलं तरी घरचं दावं देत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. माझी आई म्हणायची, "दावं दिऊ न्हाई बाई, त्येच्यासंगं दावण बी जाती, गोठा रिताच ऱ्हातो." मी राधीच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं आणि बॅगेत तळाशी घातलं. शोभा, तू माझी धाकटी जाऊ, तू हसलीस. "अक्का, पुण्यात काय बांधताव ह्येनं?" पुण्यात काय बांधणार? सुनेचं बाळंतपण उरकून दोन महिन्यांत परत यायचं, दुसरी म्हैस घ्यायची, तिला बांधायचं, असं माझं ठरलेलं होतं.

त्याला चार वर्षं झाली. "परी शाळेत जायला लागली की जा," मुलगा म्हणायचा. आता म्हणतो, पहिलीत गेली की. अकराव्या मजल्यावरच्या आमच्या दाराला किल्ली नाही, आकडे दाबायचे असतात. ते मला पाठ आहेत. दार उघडतं, लिफ्ट येते, सोसायटीच्या बागेला तीन फेऱ्या मारून मी वर येते. कुणी डांबलेलं नाही मला. तरी जीव कोंडतो. एकदा तसं बोलून दाखवलं तर सुनेने एसी लावला.

सून गुणाची आहे, काही वाया घालवत नाही. फ्रीजरमध्ये तिची एक पिशवी असते. गाजराची बुडं, कांद्याची सालं, मटारची टरफलं, कोथिंबिरीच्या काड्या. पहिल्यांदा मी ती ओल्या कचऱ्यात टाकायला निघाले, तर "अहो आई, स्टॉकसाठी आहे ते!" म्हणत धावत आली. पिशवी भरली की सगळं मोठ्या पातेल्यात घालायचं, वर पाणी, चार मिरे, एक तमालपत्र, आणि तासभर मंद गॅसवर ठेवून गाळायचं. त्या पाण्यात परीचं सूप होतं, खिचडी होते. आता ते काम माझंच आहे. चव चांगली लागते, खोटं कशाला बोलू?

पण पहिल्या दिवशी झाकण काढलं आणि वास आला तो आंबोणाचा. संध्याकाळी राधीसाठी चुलीवर सालं, कोंडा, पेंड शिजायची ना, अगदी तोच. माझा हात कोंड्याचा डबा शोधायला गेला. मग ओट्याला धरून मी रडले. सूनबाई म्हणाली, "कांद्याची सालं झोंबली का?" मी हो म्हटलं. गाळून उरलेला चोथा कचऱ्यात टाकताना अजून माझा हात थांबतो. गावाकडं त्या चोथ्याला खाणारं तोंड होतं.

परवा तुझा फोन आला. "अक्का, म्हशीची वगार घेतलीया. तुमचं दावं रिकामंच आसंल की, द्या पाठवून." मुलगा शेजारीच वाटीत सूप ओतून घेत होता. त्याचा मित्र रविवारी लातूरला निघालाय. "दे ना आई. तुला आता काय करायचंय त्याचं?" अगदी सहज बोलला गं तो, डोळे वाटीकडंच. म्हणजे त्याच्या मनाने केव्हाच ठरून गेलंय, आणि मी मात्र वर्षं मोजत बसले होते. मला घरी सोड, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात परी तिची वाटी घेऊन मांडीवर येऊन बसली. सूप गरम होतं. तिला फुंकर घालून देता देता बोलायचं राहिलं.

शोभा, वगारीला बाजारातून नवं दावं आण. तिच्या कपाळाला माझ्या नावानं कुंकू लाव, पण रागावू नकोस, हे दावं मी पाठवत नाही. काल ते बॅगेतून काढून हुंगलं, राधीचा वासही आता राहिलेला नाही. तिकडं माझ्या गोठ्यात तू सरपण रचलंयस, मला माहीत आहे. आता माझं घर म्हणजे बॅगेच्या तळाशी असलेलं हे दोन हात दावंच. ते तुला दिलं, की मी इथली झाले.